सासुरवाडीला हात बदलायचा

अण्णा, ऑटो चालू झालं.

हे सगळ्यात आधी तुम्हाला सांगायला पाहिजे, म्हणून आधी सांगितलं. बाकी तेराव्याला कोण आलं, कोण नाही आलं, कोणाच्या डोळ्याला खरं पाणी होतं, ते अक्का रोज फोटोसमोर बसून तुम्हाला सांगतातच, मी ऐकलंय. माझ्याकडं फक्त मशीनची बातमी आहे.

तुम्ही येणाऱ्या-जाणाऱ्याला समजावून सांगायचात, की लेथवर जॉब, म्हणजे घडवायचा तुकडा, फिरतो आणि हत्यार उभं राहतं, मिलिंगवर हत्यार फिरतं आणि जॉब सरकतो. ज्या टेबलावर तो जॉब बांधायचा, ते टेबल आपल्या आपण सरकवणारी गिअरची पेटी असते. तिला कंपनीच्या पुस्तकात पावर फीड म्हणतात आणि जालन्यातल्या शेडांमध्ये सगळे ऑटो म्हणतात. आपल्या मिलिंगचं ऑटो अकरा वर्षं बंद होतं. म्हणजे गेल्या सोमवारपर्यंत मी तसंच समजत होतो.

सोमवारी काय झालं ते सांगतो, पण जरा दमानं. तुम्ही मला आयुष्यभर 'जल्दी काय' म्हणून थांबवलंत, आता तुम्ही थांबा.

आपण साडू. अक्का मोठ्या, माझी कुसुम धाकटी, दोघी घनसावंगीच्या. साडू-साडूचं नातं म्हणजे लग्नकार्यात भेटायचं, एकमेकाच्या टोपीकडं बघायचं आणि पंगतीत शेजारी बसून सासऱ्याची उणीदुणी काढायची, एवढंच. आपण मात्र एकाच मशीनवर एकतीस वर्षं काढली. तुम्ही सात वर्षांनी मोठे, म्हणून तुम्ही अण्णा. आणि मी शेवटपर्यंत पाव्हणं. रोज एका डब्यात जेवणाऱ्या माणसाला तुम्ही पाव्हणं म्हणायचात. एकदा जिनिंगवाल्या गिऱ्हाइकानं विचारलं होतं, हे पाव्हणे कधी आले म्हणून. तुम्ही कटर घासता घासता म्हणालात, "आल्ते एकदा. जायचं नाव घेऊन न्हाई राह्यले."

मशीन लिलावातली. तिची पाटी घासून इतकी गुळगुळीत झालेली, की कुठल्या देशाची, कुठल्या सालची, काही कळत नव्हतं. तुम्ही तिच्या टेबलावर तळहात फिरवलात आणि म्हणालात, हिच्या वयाला न्हाई, हिच्या हाडाला बघा. जुन्या शेडमध्ये तिच्याकडं तोंड करून उभं राहिलं की डावा हात दक्षिणेला यायचा. दक्षिणेला, गोदावरीच्या काठी, तुमचं शहागड. उजवा हात उत्तरेला, जाफराबादच्या अंगाला, माझं टेंभुर्णी. टेबलाच्या दोन टोकांना दोन हँडलं. पहिल्याच आठवड्यात तुम्ही डाव्या हँडलला शहागड करून टाकलं आणि उजव्याला टेंभुर्णी. डावं-उजवं म्हणायचंच नाही. टेंभुर्णीकडं जरा घ्या. शहागडाकडं केसभर. आणि टेबलाचा बराबर मध्य, जिथं तुम्ही टोकदार पंच ठोकून ठिपका मारला होता, ती सासुरवाडी. मी म्हटलं, अण्णा, नकाशात घनसावंगी मधे नाही, बाजूला आहे. तर म्हणालात, नकाशात नसंल, आपल्या दोघांच्या मधे बराबर आहे.

पुढं शेडच्या मालकाला जागा पाहिजे झाली आणि आपण वसाहतीच्या मागच्या अंगाला नव्या शेडमध्ये आलो. तिथं दार उलट्या बाजूला. उजेड कटरवर पडावा म्हणून मशीन पूर्ण फिरवून बसवली. आता तिच्याकडं तोंड करून उभं राहिलं की डावा हात उत्तरेला. पहिल्या दिवशी सकाळी आपण दोघंही चालत चालत एकाच हँडलवर आलो, आठवतं का? उजव्या. मी म्हणत होतो, उजवं ते टेंभुर्णी, ते माझं. तुम्ही म्हणत होतात, शहागड या बाजूला आहे, म्हणून हे माझं.

"मशीन फिरली म्हणून गाव फिरतंय का, पाव्हणं?" तुम्ही म्हणालात.

मी म्हटलं, नाव आपण हँडलला दिलंय. मशीन काश्मीरला नेली तरी डावं ते शहागड. तुम्ही म्हणालात, काश्मीरला गेल्यावर बघू, सध्या जालन्यात आहोत.

एरवी ही हसून सोडायची गोष्ट. पण माझं डोकं तेव्हा ठिकाणावर नव्हतं. ती जागा तुम्ही मला न विचारता पक्की केली होती. चावी आणून डब्याशेजारी ठेवलीत आणि म्हणालात, सोमवारी हलवू. मी भागीदार की गडी, असं मला वाटलं. अण्णा, फार लागलं होतं ते. तुम्हाला कधी बोललो नाही. त्याच दिवसांत वाळूजच्या एका कारखान्यातून मला सुपरवायझर म्हणून बोलावणं आलं होतं. पांढरा शर्ट, खुर्ची, हाताला काळं नाही. त्या सकाळी हँडलवरून वाजलं आणि त्याच झटक्यात मी बोलून गेलो, दिवाळी झाली की मी जातो, अण्णा. तुम्ही तेलाची बाटली घेतलीत. कटरला तेल लावत राहिलात. कटरला इतकं तेल लागत नाही.

त्याच दुपारी ते झालं. साखर कारखान्याचा लांब शाफ्ट बांधलेला, त्यात चावी, म्हणजे चाक पक्कं धरणारी लोखंडी पट्टी, बसायची खाच पाडायची होती. तुम्ही वाकून कटर बघत होतात, ऑटोचा दांडा माझ्या हातात. तुम्ही म्हणालात, "शहागडाकडं सोडा." मी दांडा डावीकडं टाकला. टेबल भलतीकडं निघालं, जॉब धरणारा शिकंजा जाऊन कटरवर आदळला, कटरचे तीन तुकडे झाले आणि खाली गिअरच्या पेटीत कट् करून काहीतरी तुटलं. मशीन गपगार.

मी म्हटलं, तुम्ही शहागड म्हणालात. तुम्ही उजवीकडं बोट करून म्हणालात, शहागड तिकडं आहे. संध्याकाळी शटर ओढेस्तोवर आपण हीच दोन वाक्यं बोलत होतो, मोठमोठ्यानं.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. तुम्ही एकट्यानं येऊन पेटी उघडलीत. त्याच्या दुसऱ्या दिवशी मी आलो, तर झाकण लावलेलं आणि तुम्ही हात पुसत उभे. व्हील गेलं म्हणालात. गनमेटलच्या व्हीलचे दात साफ. या मशीनचा नमुना आता मिळत न्हाई, ओतून घ्यावं लागंल, टाइम जाईल. मी झाकण काढून बघितलं नाही. आपली वाटणीच तशी होती, जॉब बांधणं-मापणं माझं, मशीनच्या पोटातलं तुमचं. आणि खरं सांगू? बघायची हिंमतही नव्हती.

मग तुम्ही म्हणालात, आता ही मशीन एकट्याच्यानं चालायची न्हाई. ऑटो होईस्तोवर थांबता का? मी म्हटलं, ऑटो झालं की जातो. "होईल की," तुम्ही म्हणालात, "जल्दी काय."

तिथून आपण टेबल हातानं फिरवायला लागलो. ज्यानं कधी फिरवलं नाही त्याला वाटेल, त्यात काय एवढं. लांब खाच असली की हँडल एका चालीनं फिरवत राहावं लागतं, ना जोरात ना हळू. मधे क्षणभर जरी थांबलं तरी कटर तिथंच घासतो आणि खाचेत खूण उठते. एका माणसाचा हात इतका वेळ एका चालीनं चालत नाही, मरून येतो. म्हणून निम्मं मी, निम्मं तुम्ही. मी डाव्या टोकाला, तुम्ही उजव्या. एक हँडल फिरवलं की त्याच रॉडवरचं दुसरंही फिरतं. मी फिरवत यायचो, तुमच्या बाजूचं हँडल रिकामं गरगरायचं, टेबलावरचा ठिपका कटरखाली आला की तुम्ही म्हणायचात, "सासुरवाडी आली," आणि ते फिरतं हँडल फिरता फिरता धरायचात. तुमचा हात पडला की मी माझा सोडायचो. शाफ्ट उतरवला की तुम्ही खाचेतून अंगठ्याचं नख फिरवायचात. मधे नख अडकलं, तर हात बदलताना कोणीतरी चुकलं. पहिले पंधरा दिवस दर शाफ्टला अडकायचं. मग महिन्या-दोन महिन्यांत अडकायचं बंद झालं. वाळूजची जागा तोवर दुसऱ्या कोणाला गेल्ती, आणि मला तिची आठवणसुद्धा उशिरा आली.

एक गोष्ट मात्र त्या दिवसापासून बंद झाली. शहागड आणि टेंभुर्णी आपण मशीनवर पुन्हा कधी म्हणालो नाही. इकडं घ्या, तिकडं घ्या, एवढंच. गावाकडच्या गप्पा भरपूर. तुमच्याकडं नदीला पाणी किती, माझ्याकडं बाजार कसा भरला, सगळं. पण मशीनपाशी आलं की दोन्ही गावं गायब. फक्त सासुरवाडी राहिली.

वाद मात्र राहिला. चहाच्या कपावर, वर्षातून चार-पाच वेळा तरी निघायचाच. नाव हँडलचं की गावाचं. कोणी नवीन माणूस आला की आपण त्याला पंच करायचो. एकदा पोस्टमनला केलं. त्यानं बिचाऱ्यानं सायकल स्टँडवर लावून पूर्ण ऐकलं आणि म्हणाला, पिनकोड सांगा.

दुसरा वाद नव्या ऑटोचा. आता विजेच्या मोटरीवर चालणारं सुटं ऑटो मिळतं, टेबलाच्या टोकाला चार बोल्टांत बसतं. मी दरवर्षी म्हणायचो, आणू. तुमची एकेक कारणं. वायर तेलात राहिली की उंदीर कुरतडतो. मोटर गुणगुणली की तुम्हाला कटरचा आवाज ऐकू येत नाही. एकदा तर म्हणालात, त्याचा रंग निळा आहे, आपली मशीन हिरवी. मी डोक्याला हात लावला. खंडेनवमीला मशीनला कुंकू लावायचात तेव्हा पहिलं बोट त्या बंद पेटीच्या झाकणाला. मी म्हणायचो, मेलेल्याला कुंकू लावून राह्यले का अण्णा? तुम्ही नुसतं हसायचात. आता कळलं का हसायचात ते.

आणि एक वर्ष कुसुमचं ऑपरेशन झालं, तेव्हा मी दोन महिने तिच्याजवळ होतो. डॉक्टर एक सांगायचे, तिचं तोंड दुसरं सांगायचं, मी जिन्यात बसून रडायचो. शेडचं नावही तुम्ही मला काढू दिलं नाहीत. दोन महिने अक्कांचा डबा दवाखान्यात येत होता आणि तुम्ही एकट्यानं दोन्ही टोकं सांभाळत होतात. परत आल्यावर मी तयार शाफ्टांतून नख फिरवलं. एकातही मधे खूण नाही. मी तुम्हाला हात जोडले, म्हटलं, अण्णा, एकट्यानं कसं केलं? तुम्ही म्हणालात, होतं मनात आणलं की.

होतं मनात आणलं की! मला तेव्हाच कळायला पाहिजे होतं.

शेवटच्या आठवड्यात दवाखान्यात तुमचा आवाज बसला होता. अक्का डबा घेऊन आल्या होत्या, बिनमिठाची भेंडी. तुम्ही मला जवळ बोलावलंत आणि म्हणालात, "पाव्हणं, झाकण उघडाल तवा शिव्या देऊ नका." मला वाटलं डब्याचं म्हणून राह्यलात. मी म्हटलं, नाही देत अण्णा, बिनमिठाचं असलं तरी अक्कांनी केलंय. तुम्ही माझ्याकडं बघत राहिलात. काहीतरी अजून सांगायचं होतं बहुतेक. मी घास पुढं केला, तुम्ही तो खाल्लात, आणि सांगायचं राहून गेलं.

तुमच्यामागं मी शेड उघडलं खरं, पण एकट्यानं हँडल फिरवायला गेलो तर दर शाफ्टला मधे खूण. डावीकडून सोडून उजवीकडं पळेस्तोवर टेबल थांबायचं. एकाच बाजूनं पूर्ण फिरवायचं म्हटलं तर माझा खांदा तुम्हाला माहीतच आहे. तीन शाफ्ट बाद केले. मग छत्रपती संभाजीनगरच्या एका दुकानात फोन करून ते निळं ऑटो सांगितलं. तुमच्या फोटोची माफी मागूनच सांगितलं. दुकानदार म्हणाला, आमचा माणूस बुधवारी येईल, जुनी पेटी तेवढी उतरवून ठेवा. परक्या माणसानं तुमच्या पेटीला पाना लावावा हे काही मला बघवेना, म्हणून सोमवारी मीच बसलो.

झाकण काढलं. आत तेल. काळं, जळकं, अकरा वर्षांचं तेल असेल असं धरून मी खाली पत्र्याचा डबा लावला होता. तेल नवं होतं, अण्णा. मधासारखं. त्या तेलात गनमेटलचं व्हील, पिवळं धमक, सगळेच्या सगळे दात जागेवर. बोट फिरवून मोजायला लागलो आणि मधेच मोजणं सोडून दिलं. मग पिन बघितली. टेबल कुठं अडकलं तर गिअर वाचावेत म्हणून तिथं पितळेची मऊ पिन असते, जोर आला की तीच आधी तुटते, तेच तिचं काम. त्या दिवशी कट् करून तुटली ती तेवढीच. आणि तिच्या जागी नवी पिन होती, तुमच्या हातची, टोकाला कानशीचे दोन फटके मारलेली. दुसरं कोणी तसे मारत नाही. बाहेरच्या दांड्याला पेटीशी जोडणारा रॉड फक्त सोडवून ठेवलेला. त्याची खीळ झाकणाच्या आतल्या अंगाला तारेनं बांधलेली. उघडणाऱ्याला सापडावी म्हणून.

म्हणजे दुसऱ्याच दिवशी ऑटो दुरुस्त झालं होतं. अकरा वर्षं आपण दोन म्हातारे चालू मशीनचं टेबल हातानं फिरवत होतो.

मी शिव्या दिल्या. देऊ नका म्हणाला होतात, तरी दिल्या, आणि मनातल्या मनात नाही, शेजारच्या वेल्डिंगवाल्याला ऐकू जाईल अशा. माझा खांदा, अण्णा. दरवर्षी हिवाळ्यात कुसुम गरम तेलानं चोळायची तो खांदा. तुमचा स्वतःचा मनगटाचा पट्टा. अकरा वर्षं! मग शिव्या संपल्या. मी तिथंच पाटावर बसलो, खीळ हातात, आणि मला रडू आलं. स्मशानात आलं नव्हतं.

खीळ घेऊन तसाच अक्कांकडं गेलो. त्या अंगणात मेथी निवडत होत्या. मी खीळ त्यांच्यासमोर ठेवली. त्यांनी विचारलंसुद्धा नाही ही काय आहे.

"तुम्ही जाताल म्हणून, दाजी," त्या म्हणाल्या. "दर दिवाळीला म्हणायचे, अवंदा सांगतो. धजले न्हाईत."

सुट्टीच्या दिवशी शहागडला जाऊन येतो म्हणून निघायचे आणि शेडवर जाऊन त्यात तेल घालून यायचे, हेही त्यांनी सांगितलं. मला कळेना, राग कोणावर करावा. मी म्हटलं, अक्का, थांबा म्हणून तोंडानं सांगितलं असतं तर मी राहिलो असतो.

अक्कांनी मेथीची काडी मोडली. "आता राहिला असता," त्या म्हणाल्या. "तवा न्हाई."

बराबर आहे त्यांचं. तवा नसतो राहिलो. तुम्ही थांबा म्हणाला असता तर जास्तच ताठलो असतो. पांढरा शर्ट घालून वाळूजला गेलो असतो, खुर्चीवर बसलो असतो, आणि लग्नकार्यात तुमच्या टोपीकडं बघितलं असतं, बस. कुसुमच्या त्या दोन महिन्यांत मला कोणत्या कारखान्यानं सांभाळलं असतं? तुम्हाला माझ्याशी गोड बोलता आलं नाही, मला तुमच्याशी नीट रुसता आलं नाही. तुम्ही एक रॉड सोडवून ठेवलात. तुमच्यानं झालं ते तुम्ही केलंत. मला ते मान्य आहे अण्णा, खांद्यासकट.

पण आता माझं. तुमचं झाकण उघडलं, तर माझंही उघडायला पाहिजे.

तुम्ही एखादी दिशा सांगताना तोंडानं सांगायचात आणि हनुवटीनं दाखवायचात. हात कामात असायचे, म्हणून हनुवटी. त्या दुपारी तुम्ही वाकून कटर बघत होतात आणि 'शहागडाकडं सोडा' म्हणताना तुमची हनुवटी उजवीकडं गेली. मी बघितली. मला बराबर कळलं होतं तुम्ही कोणतं शहागड म्हणता ते. तरी मी दांडा डावीकडं टाकला. सकाळचा राग होता, शेडच्या चावीचा राग होता. म्हटलं, यांना एकदा दिसू दे की मशीनवर नाव हँडलचंच चालतं. टेबल थोडं उलटं जाईल, तुम्ही ओरडाल, मी म्हणेन बघा. इतकंच मनात होतं. शिकंजा इतका जवळ आहे हे नाही बघितलं.

चूक नव्हती ती अण्णा. मुद्दाम केलं होतं. आणि अकरा वर्षं मी तुमच्याशी वाद घालत राहिलो, पोस्टमनला पंच केलं, पण हनुवटीचं बोललो नाही. तुम्ही वाकलेले होतात, तुम्हाला वाटलं असेल पाव्हण्याला दिसलं नाही. की तुम्हाला माहीत होतं? मी दर वादात तुमच्या तोंडाकडं बघायचो, काही कळायचं नाही. आता विचारायचा रस्ता राहिला नाही. मी पण दर दिवाळीला म्हणायचो, अवंदा सांगतो.

बुधवारी दुकानाचा माणूस आला, त्याला चहा पाजून परत पाठवला. म्हटलं, लागत नाही. मी येडा असल्यासारखं माझ्याकडं बघून तो गेला. जाताना म्हणाला, काका, हँडल मारून मारून मराल. मी म्हटलं, नाही मरत, पेटी चांगली निघाली.

आज सकाळी रॉड जोडला, खीळ घातली. मग खडू घेतला. दांड्याच्या पाठीमागं पत्रा आहे, त्यावर आजवर कधी काही लिहिलेलं नव्हतं, आपल्याला लागलंच नाही. उजव्या बाजूला लिहिलं, शहागड. डाव्या बाजूला, टेंभुर्णी. शहागड जिथं आहे तिथंच आहे, मशीन फिरली म्हणून गाव फिरत नाही. अकरा वर्षांचा वाद तुम्ही जिंकलात. हसायला तुम्ही नाहीत, ही तुमची चूक.

शाफ्ट बांधला, लांब खाचेचा. ऑटो चालू असताना दोन्ही हँडलं काढून ठेवायची असतात, मला माहीत आहे. आज नाही काढली. कटर लावला, शहागडाकडं सोडलं. पेटी आतून एकदा खाकरली आणि टेबल निघालं, एका चालीनं. मी सवयीनं डाव्या टोकाला जाऊन हँडलवर हात ठेवून उभा. ते आपल्या आपण फिरत होतं, माझा हात नुसता त्याच्याबरोबर. ठिपका कटरखाली आला.

"सासुरवाडी आली," मी म्हणालो. आजवर हे तुम्ही म्हणायचात. आणि मी हात सोडला.

टेबल थांबलं नाही. पलीकडं तुमच्या बाजूचं हँडल फिरत राहिलं, तुमचा हात पडल्यावर फिरायचं तसंच, शेवटपर्यंत. मी इकडच्या टोकाला उभा राहून बघत होतो. मग मशीन बंद केली, शाफ्ट पुसला आणि खाचेतून अंगठ्याचं नख फिरवलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मधे आल्यावर जरा दबकलो. अडकलं नाही, अण्णा. कुठंच अडकलं नाही.

ऑटो झालं की जातो म्हणालो होतो. ऑटो झालं. आता जातो म्हटलं तर 'जल्दी काय' म्हणायला कोणी नाही. म्हणून मग मी तो शाफ्ट उतरवला आणि दुसरा बांधला.